बारवेत उतरवलेलं जातं

मी बारवेच्या सगळ्यात वरच्या पायरीवर पोचले आणि वळून पाहिलं, तर मंगल माझ्या मागे नव्हती. खाली तीस पायऱ्यांवर जातं दिसत नव्हतं, पाणी दिसत नव्हतं, राही दिसत नव्हती. नुसत्या माश्या होत्या. आग्या मोहोळाच्या, काळपट, बोटाच्या पेराएवढ्या. सगळी बारव भरून त्या फिरत होत्या आणि दगडच गुणगुणतोय असा आवाज वर येत होता. वैद्य सर शेजारच्या नांगरटीत आडवे पडून दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडात मारून घेत होते. शौकतनं कॅमेऱ्याची पिशवी डोक्यात घातली होती आणि तो अंदाजानंच जीपकडे पळत होता.

माझी सून खाली होती. माझी लहानपणची जोडीदारीण खाली होती. मी वर होते, आणि ऊद मीच पेटवला होता.

आता हे सगळं कशासाठी चाललं होतं ते सांगते.

पाटोदा

पाटोद्याच्या पेठेत आमचं किराणा दुकान आहे. दुकान मुलगा बघतो. त्याची बायको मंगल हायस्कुलात पोरांना गाणं शिकवते. सहा वर्षं शिकवत होती, पण तात्पुरती. जूनमध्ये कागद मिळायचा, एप्रिलमध्ये संपायचा. त्या वर्षी हेडमास्तरांनी सांगितलं की अंबाजोगाईला संगीत शिकवणाऱ्यांचा महिनाभराचा वर्ग आहे, तो पास होऊन या म्हणजे कायम करू, नाही तर जूनपासून दुसऱ्या बाई येतील. मंगल मे महिन्याच्या उन्हात पेटी-पिशवी घेऊन गेली.

तीन आठवड्यांनी चौकातल्या पिवळ्या फोनबूथवरून मला बोलावणं आलं.

“आत्या, तुमच्या ओव्या पाहिजेत,” मंगल पलीकडून म्हणाली.

“कावून? तिथं दळण मिळत न्हाई का?”

“तसं नाही. शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाला एक काम करायचंय. गावातलं एक गाणं घ्यायचं, त्याची कॅसेट करायची, व्हिडिओ करायचा, आणि ते पोरांना कसं शिकवायचं ते दाखवायचं. त्याच्यावरच पास-नापास हाय.”

“मला अर्ध्याच येतात.”

“अर्ध्या तर अर्ध्या. या तुम्ही.”

तिला वाटलं मी म्हातारपणी विसरले असं म्हणतेय. तसं नव्हतं. माहेरी आम्ही दोघी एका जात्यावर दळायचो, मी आणि शेजारची राही. खुंट्याला दोघींचा हात. पहिली ओळ मी म्हणायची, दुसरी तिनं. जातं अर्धं फिरेपर्यंत माझी, अर्धं फिरेपर्यंत तिची. नऊ-दहा वर्षं असंच चाललं. त्यामुळे मला सगळ्या पहिल्या ओळी येतात आणि दुसरी एकही येत नाही. लग्न होऊन मी पाटोद्याला आले, तर तिथं सासरे गिरणीतून पीठ आणायचे. माझ्या ओळी पन्नास वर्षं तशाच अर्ध्या राहिल्या.

अंबाजोगाई

मांजरसुंब्याला एसटी बदलून मी दुपारी अंबाजोगाईत उतरले. हे शिकलेल्यांचं गाव. रस्त्यात ज्याच्या त्याच्या काखेत वही. आमच्या पाटोद्यात बाजाराच्या दिवशी माणसं शेळ्या घेऊन फिरतात, इथं पुस्तकं घेऊन.

वर्ग एका शाळेच्या लांबड्या खोलीत होता. मला वाटलं होतं पेटी-तबला असेल, भिंतीला टेकून मास्तर बसले असतील. तसलं काही नव्हतं. चाळीस शिक्षक जमिनीवर पसरले होते, मध्ये वायरी, टेप, मोठाली रिळं, आणि कुणी पत्र्याचा डबा वाजवतोय, कुणी खराट्यानं फरशी झाडतोय आणि दुसरा त्याच्यापुढे माईक धरून उकिडवा बसलाय. झाडायचा आवाज घेत होते. मी मंगलला विचारलं, ही सगळी पगारी माणसं आहेत का. ती म्हणाली, हो.

वर्ग घेणारे वैद्य सर पुण्याचे. बारीक अंगाचे, चष्मा, बोलणं असं की प्रत्येक शब्द धुऊन वाळत घातलेला. त्यांनी मला खुर्ची दिली आणि परळीच्या एका गुरुजींना म्हणाले, “आजींना तुमचं ऐकवा.”

त्या गुरुजींनी बसस्टँडवर दोन दिवस काढले होते. कंडक्टर तिकिटाला भोक पाडतो तो चिमट्याचा टकटक आवाज, शेंगावाल्याची आरोळी, गाडीचं दार आपटणं, आणि लाउडस्पीकरवरची गाड्यांची नावं. हे सगळं कापून त्यांनी एकामागं एक जोडलं होतं. पहिल्यांदा नुसता गोंधळ वाटला. मग कंडक्टरचा चिमटा ठेका धरायला लागला आणि शेंगावाला बरोबर समेवर यायला लागला. माझा पाय हलायला लागला. मी पन्नास वर्षं एसटीनं हिंडले, पण त्या स्टँडवर गाणं चाललंय हे मला त्या दिवशी कळलं.

“हे पोरांना शिकवायचं?” मी विचारलं.

“हे पोरांकडून करून घ्यायचं, आजी,” सर म्हणाले. “मूल शाळेत येताना कानात काय काय घेऊन येतं, ते आधी शिक्षकाला ऐकू यायला हवं. म्हणून आधी शिक्षकांना रस्त्यावर सोडलंय.”

आमच्या वेळचं मला आठवलं. मी चौथी शिकले, निजामाच्या राज्यात. मास्तर कविता म्हणायचे, आम्ही ओरडायचो, जो कमी ओरडेल त्याच्या हातावर छडी. गाणं म्हणजे तेवढंच.

मग सरांनी माझं नाव, गाव माझ्याच तोंडून टेपवर घेतलं. रिळावरची पट्टी एका खाचेत ठेवून दाढीच्या पात्यानं कापली, चिकटपट्टीनं जोडली आणि वाजवली. मी आधी गाव आणि मग नाव सांगितलं असं ऐकू आलं. बोललेला शब्द असा उचलून दुसरीकडे ठेवता येतो, हे बघून मला लहान पोरासारखं झालं. मी त्यांना तीनदा करायला लावलं. माझा आवाज मात्र फाटका आहे. हे आजवर घरात कुणी सांगितलं नव्हतं.

जेवण वाईट. आचाऱ्यानं पुण्याचे सर म्हणून वरणात गूळ घातला होता आणि सरांना बिचाऱ्यांना वाटत होतं की इकडची पद्धत अशीच. मी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढली. सरांनी बोटभर चटणी घेतली, डोळ्यांतून पाणी, उचकी, तोंड लाल.

“पुरे करा सर, पोट बिघडंल,” मी म्हणाले.

“अजून थोडी द्या,” ते म्हणाले.

तेव्हा हा माणूस मला पटला.

माहेर

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जीपनं माझ्या माहेरी निघालो. मी, मंगल, सर, आणि शौकत. शौकत अंबाजोगाईत लग्नाची शूटिंग करायचा. कॅमेरा खांद्यावर घ्यायचा, शेळीच्या करडाएवढा. जीपही त्याचीच. गावाच्या अलीकडे डोंगराची सोंड उतरली की काळं रान लागतं. नांगरून उघडं पडलेलं, ढेकळं तापलेली, आणि मधेच एखादा बहावा पिवळाधमक लोंबत असलेला. सर सारखे जीप थांबवत. एकदा खाली उतरून बाभळीच्या शेंगा हलवून त्यांचा आवाज घेतला. शौकत मला हळूच म्हणाला, “मावशी, ये साहेब लग्नात नवरानवरी सोडून मांडवाचा बांबू शूट करंल.”

राही पुतण्याच्या घरी ओसरीवर बसली होती. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्यानं अंधुक दिसतं. माझा आवाज ऐकून तिनं मान वर केली.

“कोन, शेवंता? लई लौकर आलीस की गं. म्या म्हनलं माझ्या मातीला येशील.”

“माझी सून आणलीय. तिला ओव्या पाहिजेत.”

“माझ्याकडं अर्ध्याच हायेत. अर्ध्या तू लग्नात नेल्यास. परत तरी द्यायच्या व्हत्या.”

मंगलनं तिच्यापुढे बसून सगळं समजावलं. टेप, व्हिडिओ, परीक्षा, जून महिना. राहीनं ऐकून घेतलं.

“म्हंजी आमी चुकलो तर तुझी नोकरी जाती?”

“हो मावशी.”

“मग आधी च्या पाज सगळ्यांला.”

जातं माळवदावरून काढलं, धुतलं, ओसरीत मांडलं. सर म्हणाले, “दाणे न घालता फिरवाल का? घरघर जरा कमी येईल, आवाज स्वच्छ मिळेल.”

राहीनं खुंट्यावरचा हात काढला. “रिकामं जातं फिरवत न्हाईत. घरात दाना न्हाई म्हनून गावाला सांगायचं का?”

मीही म्हणाले, रिकामं फिरवायचं नाही. सरांनी लगेच कान पकडले. पुतण्यानं पायलीभर ज्वारी आणली.

पण गावात आवाज किती. गिरणीचं फुक-फुक, दोन घरांत टीव्ही, आणि लग्नसराई म्हणून वेशीजवळ लाउडस्पीकर. मंगल हेडफोन कानाला लावून बसली होती, दर दोन ओव्यांनी मान हलवायची. आमच्या लहानपणी पहाटे ह्या ओसरीत नुसता जात्याचा आवाज होता. शेवटी राहीच म्हणाली, “बारवंत चला. तिथं देवाचंबी कुनी ऐकत न्हाई.”

बारव गावाबाहेर पाव मैलावर, दगडी, चौकोनी. तीस पायऱ्या, खाली जरा पाणी, पाण्याआधी बसायला रुंद ओटा, भिंतीत कमानी. जात्याच्या दोन पाळ्या बैलगाडीनं काठापर्यंत नेल्या. खाली नेल्या सरांनी आणि शौकतनं. वरची पाळी सरांकडे होती. बाराव्या पायरीवर ते थांबले आणि म्हणाले, “संगीताचं वजन मला आज कळलं.” शौकत म्हणाला, “सरजी, खालची पाळी उचलो, मग बोलो.” घरघर दगडात उतरू नये म्हणून मंगलनं जात्याखाली एक गोधडी अंथरली आणि आम्हाला बसायला दुसरी.

कोपऱ्यातल्या कमानीला सुपाएवढं मोहोळ होतं. मंगलनं ते बघितलं आणि दाखवलं. राही म्हणाली, “माझ्या आईच्या वक्ताला बी हुतं. आपन त्याचं काय घेत न्हाई, ते आपलं काय घेत न्हाई.” मीही लहानपणी ते तिथंच बघितलं होतं. कुणाला काही वाटलं नाही.

त्या दिवशी चार ओव्या छान झाल्या आणि मशीननं कॅसेटची पट्टी खाल्ली. सगळी आत गुंडाळली. मंगलनं पेन्सिल घालून ती फिरवून बघितली, पण पट्टी चुरगळली होती. तिचं तोंड उतरलं. परीक्षेला तीन दिवस राहिले होते.

“पूजा केली न्हाई,” मी म्हणाले. “नवीन काम, नारळ न्हाई, ऊद न्हाई. असंच व्हायचं.”

आमच्याकडे दुकानात नवा तराजू आला तरी विभूती लावल्याशिवाय त्यात मीठसुद्धा तोलत नाहीत. हे मला आधीच सुचायला हवं होतं, असं मला वाटलं.

बारव

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही खाली उतरलो. पाच माणसं. मी बरोबर नारळ, विभूती, ऊद, पाण्याची कळशी, आणि धुपाटण्यात गोवरीचा निखारा घेतला होता. टेपला विभूतीची तीन बोटं ओढली. कॅमेऱ्याला ओढायला गेले तर शौकत म्हणाला, “मावशी, बाजूला लावा. काचेला नको.” सर खूश. म्हणाले, पूजाही शूट करा, हाही त्याच संगीताचा भाग आहे. मी निखाऱ्यावर ऊद टाकला. चांगला मूठभर टाकला, हात आखडला नाही. धूर सरळ उठला, दगडाला लागून कोपऱ्याकडे वळला. मी तो वळताना बघितला.

मग आम्ही खुंटा धरला.

कसं झालं ते लिहायला मला नीट जमत नाही. बारवेत आवाज पाण्यावर पडतो आणि गोल होऊन परत येतो. माझा फाटका आवाज परत येताना फाटका नव्हता. आम्ही ती जुनी ओवी घेतली, आमचीच, आम्ही दोघींनी दळता दळता जुळवलेली.

मी म्हणाले, “बारवेच्या पायऱ्या गं, उतरते मी मोजून.”

राही म्हणाली, “पाणी ओळख देतंया, मला नावानं पुसून.”

पन्नास वर्षांनी मला दुसरी ओळ ऐकू आली. हात आपोआप फिरत होता. राही आंधळ्या डोळ्यानं माझ्याकडे बघून हसत होती. मंगल हेडफोन लावून आमच्यामध्ये गुडघ्यावर बसली होती, माईक धरून. पाचव्या की सहाव्या ओवीला तिनं दुसरा हात वर केला.

“खालचा सूर कोण धरतंय?” ती म्हणाली.

कुणीच धरत नव्हतं. सरांनी तिच्या कानावरचा एक फोन उचलून ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “तानपुऱ्यासारखा आहे. दगडाचा असेल, जात्याचा असेल. थांबू नका.” त्यांनी आम्हाला हातानं चालू ठेवायला सांगितलं. मग मलाही तो ऐकू आला. खोल, एकसारखा, कुठे तुटत नव्हता. मी माझा आवाज जरा खाली घेऊन त्याला मिळवला. फार चांगला मिळाला. शौकतनं कॅमेरा सोडून नुसता अंगठा वर केला. आम्ही त्या सुरावर तीन ओव्या म्हटल्या. पाच माणसांत दोघं गाणं शिकवणारी, दोघी जन्माच्या गाणाऱ्या, एक दिवसरात्र बँड ऐकणारा, आणि सगळ्यांना तो सूर आवडला. गाण्याचा कान नसलेला एखादा असता तर त्यानं वर बघितलं असतं.

पहिली माशी सरांच्या कानाला लागली. मग शौकत ओरडला, “भागो, भागो, मोहोळ उठ्या.”

मी उठले आणि पळाले. माझे गुडघे दुखतात, मला घरात उंबरा ओलांडायला भिंत धरावी लागते. त्या दिवशी मी तीस पायऱ्या कुणाचा हात न धरता चढले. मला वाटलं मंगल मागे आहे.

वर पोचून वळले ते मी सुरुवातीलाच लिहिलंय. आमच्या पेठेत आता लोक सांगतात की शेवंताबाई सुनेसाठी परत उतरायला निघाली होती, तिला ओढून धरावं लागलं. हे खोटं आहे. मी उतरले नाही. एक पायरीसुद्धा नाही. मी दोनदा मंगलला हाक मारली, उत्तर आलं नाही, आणि माझ्या मानेला चार माश्या लागल्या तेव्हा मी जीपकडे गेले. शौकतनं सरांना दंडाला धरून आत कोंबलं, काचा वर केल्या आणि गाडी गावाकडे हाणली. आत शिरलेल्या माश्या मी चपलेनं मारत होते.

गावात राहीच्या पुतण्यानं आणखी तिघं गोळा केले. घोंगड्या हौदात भिजवून ते निघाले, पण काठापासूनच परत फिरावं लागलं. तासभर लांब लिंबाखाली थांबलो. सरांना ओकाऱ्या होत होत्या, पण ते जीपमध्ये पडायला तयार नव्हते. “त्या दोघी आत आहेत,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. ऊन चढलं तशा माश्या विरळ झाल्या. चौघं डोक्यावरून ओली घोंगडी घेऊन उतरले.

त्यांनी दोघींना एका गोधडीत होत्या तशाच वर आणलं. मंगलचे डोळे दिसत नव्हते, नुसती चीर. ओठ वांग्यासारखे. श्वास घेताना शिट्टी वाजत होती. पोटाशी तिनं टेप धरला होता आणि बोटं उकलावी लागली.

दवाखाना

अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात मंगलला सलाईन लावली, नाकात नळी घातली. डॉक्टर तरुण मुलगी होती. चिमट्यानं काटे काढत होती आणि मोजत होती. एकसष्टनंतर तिनं मोजणं सोडलं. मी विचारलं, जगेल का. ती म्हणाली, “आजी, दोन दिवस जाऊ द्या, मग सांगते.” खोटं बोलली नाही म्हणून मला ती आवडली. मुलगा पाटोद्याहून आला. मी त्याला उदाचं सांगितलं. तो बाहेर जाऊन नळावर तोंड धुऊन आला.

राहीला सातच माश्या लागल्या होत्या. ती शेजारच्या खाटेवर मांडी घालून बसली होती आणि दवाखान्याच्या डाळीला नावं ठेवत होती.

“तू का पळाली न्हाईस?” मी विचारलं.

“मला कुठं दिसतंय पळायला? पळनाऱ्याच्या मागं त्या लागत्यात. बसलेल्याला कमी. माझी आई सांगायची.”

“आणि मंगल?”

“ती दोन पायऱ्या गेल्ती. मग माझ्यासाठी फिरली का त्या डब्यासाठी फिरली, तिला इचार. मला धरून वडाया लागली. म्या तिचीच येनी धरली आन् खाली बसवली. म्हनलं, पळशील तर मरशील. बूडाखालची गोधडी डोक्यावर वडली, कडा दाबल्या, पूजेच्या कळशीतलं पानी वरून वतलं. पर तवर तिला लई लागल्या व्हत्या.”

“तासभर काय केलं?”

“तिचा दम कोंडाया लागला. थरथर कापाया लागली, उठाया बघायची. म्हनलं, हिला काईतरी काम द्यावं. म्हनलं, शेवंता गेली पळून. आता तिची वळ तू म्हन, माझी म्या म्हनते. श्वास मोजून घे आन् सोड.”

“तिला येतात माझ्या ओळी?”

“दोन दिवस कानाला लावून बसली व्हती की. चुकली एकदोन ठिकानी. म्या शिव्या दिल्या, मग नीट म्हनली.”

वर्ग

तिसऱ्या दिवशी परीक्षा. मंगलच्या नाकातली नळी तशीच, ताप उतरलेला नाही. ज्यानं काम केलं त्यानंच ते समजावून सांगायचं असा नियम. सर एका डोळ्यानं बघत, तोंड भोपळ्यासारखं सुजलेलं, तशातही परीक्षकांशी भांडले. शेवटी ठरलं की सासूनं बोललं तरी चालेल. मी म्हणाले, मी चौथी पास आहे. सर म्हणाले, “आजी, ह्यांच्यापैकी कुणी जातं बारवेत उतरवलेलं नाही.”

मी उभी राहिले. चाळीस शिक्षक, दोन परीक्षक. मला घाम फुटला होता, पण मजाही वाटत होती. मी आधी शौकतची कॅसेट टीव्हीवर दाखवायला लावली. पूजा, जातं, आम्ही दोघी, आणि मग चित्र एकदम आभाळ, दगड, आभाळ, दगड. काही जण हसले. मी म्हणाले, हसा, शौकतला पळताना असंच दिसत होतं.

“हे वर्गात कसं शिकवाल?” एका परीक्षकांनी विचारलं.

“पोरं समोरासमोर बसवायची,” मी म्हणाले. “एकाला पहिली ओळ द्यायची, दुसऱ्याला दुसरी. पूर्ण गाणं कुणालाच द्यायचं नाही. एक गैरहजर राहिला की दुसऱ्याचं अडतं. मग ते एकमेकांना घरून ओढून आणतील. टेप घ्यायचा तो त्यांनीच घ्यायचा, कारण कानाला लावून बसलेल्याला आपोआप येतं. हे मी परवा दवाखान्यात शिकले.”

मग टेप लावला. मीही तो तेव्हा पहिल्यांदाच ऐकला. आमच्या ओव्या, खालचा सूर, मंगलचा प्रश्न, सरांचं “थांबू नका.” आरडाओरडा. पायऱ्यांवर पळणारी माझी पावलं, चपलेची फटफट, ती लांब जाते. मग नुसता तो सूर, फार मोठा. मग गोधडीचा खसखसाट, पाणी ओतल्याचा आवाज. राहीचं, “म्हन.” आणि मंगल. घोगरी, शिट्टी वाजणाऱ्या श्वासातून, एकेक शब्द ओढून.

“बारवेच्या… पायऱ्या गं…”

राही तिच्या पाठोपाठ. पुन्हा मंगल. माझ्या ओळी, माझ्याच चालीवर. कॅसेटची बाजू संपेपर्यंत अकरा ओव्या. शेवटी मशीन टक करून थांबलं.

दुसरे परीक्षक म्हणाले, “खालचा सूर कोणत्या वाद्यावर धरलाय?”

“माश्यांवर,” मी सांगितलं.

त्यांनी मंगलला पास केलं. वर्गात पहिली नाही, परळीचे बसस्टँडवाले गुरुजी पहिले आले, आणि ते बरोबरच होतं. तो कागद पुढे जूनमध्ये हायस्कुलात चालला.

मी निकाल घेऊन भर उन्हात दवाखान्यात गेले. मुलगा वॉर्डाच्या दारातच उभा होता. आत मंगलच्या नाकातली नळी काढली होती. तिचा एक डोळा उघडला होता. ती राहीच्या हातून चहात बुडवलेला पाव खात होती आणि राही तिला दुसऱ्या ओळी सांगत होती.

मी म्हणाले, “पास झालीस.”

ती म्हणाली, “आत्या, तुमची मान सुजलीय.”

सरांना आठ दिवसांनी पुण्याला जाऊ दिलं. शौकतच्या डाव्या कानाला अजून कमी ऐकू येतं. जातं तिथंच खाली आहे, वर काढायला कुणी उतरलं नाही. बारवेत पाच माणसं उतरली होती. पाचही जगली.